प्लॅटफॉर्मचे पैसे थांबले तर? ठाणे-नवी मुंबईच्या क्रिएटर मंडळींचा अनुभव धागा

धागा मांडताना (नौपाडा)

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा मराठी क्रिएटर आणि त्यांचा प्रेक्षक यांची एका रात्रीत ताटातूट झाली. यूट्यूबचा शॉर्ट्स फंड (छोट्या व्हिडिओंसाठी दिला जाणारा निधी) फेब्रुवारी २०२३ पासून बंद झाला, पण तिथे चॅनेल आणि प्रेक्षक जागेवर राहिले, फक्त हिशोब जाहिरातीतल्या ४५ टक्के वाट्यावर आला. जुलै २०२४ मध्ये कू हे ट्विटरसारखं भारतीय ॲपच बंद पडलं. 'पैसे थांबले' हे शब्द एकच असले तरी दुखणी तीन वेगळी आहेत, आणि औषधही वेगळं.

कोणाचं किती नुकसान झालं ते इथे नको. पैसे पुन्हा यायला काय करावं लागतं, किती लागतं आणि कुठे अडतं ते लिहा. आकड्यांसकट लिहिलंत तर नव्या मुलामुलींना खरंच उपयोग होईल.

खारघर, व्हिडिओ संपादन

प्रोग्रॅम बंद होणार अशा सूचनेची मेल आली की आधी दोन तारखा शोधा: कमाई मोजणं कधी थांबणार आणि शेवटचं पेमेंट कधी होणार. या दोन तारखा सहसा वेगळ्या असतात. मधल्या काळात बँकेचा तपशील चुकीचा निघाला किंवा कराचा फॉर्म जुना झालेला असला, तर शेवटची रक्कम अडकते. ॲडसेन्सची (जाहिरातीचे पैसे देणारी गुगलची सेवा) किमान रक्कम १०० डॉलर आहे आणि पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. एखादा प्रोग्रॅम संपला म्हणून ॲडसेन्सचं खातं मात्र बंद करू नका. तेच खातं उद्या स्वतःच्या वेबसाइटला लागतं.

नंतर कागद जमवा. महिनावार कमाईचा अहवाल सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) उतरवून घ्या, कारण प्रोग्रॅम गेला की डॅशबोर्डचं ते पानही दिसेनासं होऊ शकतं आणि रिटर्न भरताना तोच आकडा लागतो. शेवटच्या ९० दिवसांचे प्रेक्षकांचे तक्ते (शहर, वय, स्त्री-पुरुष) स्क्रीनशॉट काढून ठेवा. राम मारुती रोडवरचा दुकानदार एकूण फॉलोअर विचारत नाही, ठाण्यातले किती ते विचारतो.

व्हिडिओ उतरवताना यूट्यूब स्टुडिओतून घेतलात तर ७२०पीच मिळतात. गुगल टेकआउट (आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची गुगलची सोय) वापरा. त्यात झिपचा आकार विचारतात. २ जीबी ठेवला तर मोठ्या चॅनेलच्या शे-दीडशे फायली होतात, आणि ५० जीबी ठेवला तर घरच्या वाय-फायवर डाउनलोड मध्येच तुटतं. १० जीबी बरा. लिंक ७ दिवसच चालते, म्हणून हार्डडिस्क आधी रिकामी करा, मगच मागणी टाका. सबटायटल्सच्या एसआरटी फायली विसरू नका. पन्नास व्हिडिओंची मराठी सबटायटल्स म्हणजे एका ई-पुस्तकाचा कच्चा मसुदा असतो.

ऐरोली

वरच्या प्रतिसादाला जोडून एकच. ॲपच्या संगीत-लायब्ररीतलं गाणं लावलेली रील दुसरीकडे टाकू नका. त्या गाण्याची परवानगी त्या ॲपपुरती असते. दुसरीकडे कॉपीराइटचा दावा लागतो, आवाज बंद होतो आणि कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते. ब्रँडच्या पैशाच्या व्हिडिओला तर ते गाणं त्याच ॲपवरही सहसा चालत नाही. निर्यात करताना दोन प्रती काढायच्या: एक संगीतासह, एक फक्त बोलणं आणि मूळ आवाज असलेली. दुसरी प्रत म्हणजे तुमची ठेव.

कळवा, पाककृती

पाककृतीवाल्यांना लवकर पैसा येतो तो थेट ऑनलाइन वर्गातून. मसाले-पापड विकायचे तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची) नोंदणी, लेबलवर घटक, निव्वळ वजन, बॅच नंबर, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, शिवाय कुरियरमध्ये फुटलेल्या बरण्या. वर्गाला यातलं काही लागत नाही.

दिवाळीच्या चकलीचा वर्ग घ्या. ९० मिनिटं, २५ जणी, प्रत्येकी २९९ रुपये. जमा ७,४७५. पेमेंट गेटवे साधारण २ टक्के घेतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७६ रुपये गेले. हातात ७,२९९. २५ च्या वर माणसं घेऊ नयेत, प्रत्येकीच्या कढईकडे बघता येत नाही आणि पुढच्या वर्षी त्या परत येत नाहीत.

झूमचा मोफत कॉल ४० मिनिटांत तुटतो. दोनपेक्षा जास्त जणं असली की मोफत गुगल मीट तासाभरात बंद होतं. दोन्ही वेळा नेमकी तळणी सुरू असते, म्हणून एका महिन्याचा सशुल्क प्लॅन घ्याच. साहित्याची यादी दोन दिवस आधी पाठवा, नाहीतर पहिली २० मिनिटं "ओवा नाही, चालेल का" यातच जातात.

भाजणीचं प्रमाण मोफत व्हिडिओत देऊन टाका: ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, पाव वाटी धणे, २ चमचे जिरे. प्रमाण लपवून कोणी पैसे देत नाही. लोक पैसे देतात ते चकली तेलात सुटली की "आता काय करू" विचारायला समोर माणूस असतं म्हणून. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की कडक होते. उकड कोरडी राहिली की सोऱ्यातून पडतानाच तुटते, तेव्हा कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. आच मोठी ठेवली की वरून लाल, आतून कच्ची, आणि दुसऱ्या दिवशी मऊ. बुडबुडे कमी होईपर्यंत मध्यम आचच हवी. या चार चुका प्रत्येक वर्गात येतात. त्या मुद्दाम करून दाखवा, खरं शिकणं तिथेच होतं.

नेरूळ

ताई, पण २५ जणींपर्यंत पोचायचं कसं, हेच तर प्लॅटफॉर्म गेल्यावर अवघड होतं.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि निरोप फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच जातो. हे माहीत नसल्यानं लोक यादी करतात आणि "उत्तरच येत नाही" म्हणून सोडून देतात. व्हॉट्सॲप चॅनेलला अशी मर्यादा नाही, पण तिथे फॉलोअरचा नंबर दिसत नाही. ते चॅनेल गेलं तर तेही हातचं गेलं. म्हणून गुगल फॉर्म ठेवायचा: नाव, नंबर, ईमेल, आणि "नव्या वर्गांची माहिती पाठवली तर चालेल का" हा प्रश्न. माहिती कशासाठी घेतो ते तिथेच लिहायचं.

सूचना आल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येक व्हिडिओच्या पिन केलेल्या कमेंटमध्ये ती एकच लिंक द्या. पाच लिंका दिल्या की लोक एकावरही दाबत नाहीत. आणि बदल्यात काहीतरी द्या, नुसतं "जोडलेले राहा" म्हणून कोणी फॉर्म भरत नाही. एक पानी पीडीएफ पुरते.

वागळे इस्टेट, औद्योगिक व्हिडिओ

ज्यांना कॅमेरा आणि संपादन येतं त्यांनी व्ह्यूजच्या मागे न लागता वागळे, रबाळे, महापे इथल्या कारखान्यांकडे बघावं. यंत्र बनवणाऱ्याला ग्राहकाला पाठवायला तीन मिनिटांचा व्हिडिओ हवा असतो, आणि नव्या कामगारासाठी मराठी-हिंदी सूचनापट. त्याला व्ह्यूज नकोत, १२ योग्य माणसांनी बघितलं तरी पुरे.

कामाचं गणित असं: एक दिवस पाहणी, एक दिवस चित्रण, तीन दिवस संपादन, दोन फेऱ्या दुरुस्ती. तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे, हे कोटेशनमध्येच लिहा. ५० टक्के आगाऊ, ३० टक्के पहिला कट दाखवल्यावर, उरलेले वॉटरमार्क नसलेली फाइल देण्याआधी. पूर्ण फाइल आधी दिली की शेवटचे २० टक्के महिनोन्‌महिने लटकतात.

शेडमध्ये जातानाची तयारी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट-एलईडीचे पट्टे चित्रात फिरतात. सीएनसीचं (संगणकावर चालणारं कापकामाचं यंत्र) चित्रण कूलंट म्हणजे थंड ठेवणारा द्रव बंद ठेवून, काही न कापता कोऱ्या फेरीत करून घ्या. कूलंट सुरू असला की दारावरच्या काचेतून पांढऱ्या फवाऱ्यापलीकडे काही दिसत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात लोंबता नको, फिरत्या चकपाशी (यंत्राचा पकड धरणारा भाग) तो जीवावर बेततो. निवेदन तिथे रेकॉर्ड करूच नका. यंत्राचा आवाज वेगळा घ्या आणि बोलणं घरी, कपाटातल्या कपड्यांसमोर माइक ठेवून. भिंतीवरचे ड्रॉइंग, ग्राहकांची नावं, जॉब कार्ड फ्रेममध्ये येतंय का ते ऑपरेटरला विचारून घ्या. एका कागदामुळे अख्खा व्हिडिओ परत करावा लागतो.

वाशी, हिशोबाचं काम

उत्पन्न एका जागेवरून पाच जागांवर गेलं की कर चुकीचा भरला जातो. थोडक्यात लिहितो.

परदेशी कंपनीकडून जाहिरातीचा वाटा येत असेल तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरलेला हवा. मग फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर १५ टक्के कापतात. कराची माहितीच दिली नसेल तर वैयक्तिक खात्यावर जगभरातल्या एकूण कमाईतून २४ टक्के जाऊ शकतात. फॉर्मची मुदत साधारण तीन वर्षांची असते. डॉलर जमा झाल्यावर बँकेकडून परकीय जमेचा दाखला दर वेळी मागून ठेवा.

सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. त्यात वर्गांचे पैसे, ब्रँडचे पैसे आणि परदेशातून आलेलेही पैसे, सगळे मोजतात. नोंदणी झाल्यावर परदेशी उत्पन्नासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरायचं. ते राहिलं तर १८ टक्के भरून परताव्याच्या मागे धावावं लागतं.

बार्टरबद्दल (पैशांऐवजी वस्तू घेऊन केलेलं काम) सर्वांत जास्त गैरसमज आहे. १ जुलै २०२२ पासून एका ब्रँडकडून वर्षात २०,००० रुपयांवरच्या वस्तू मिळाल्या तर १० टक्के टीडीएस लागतो. ६०,००० चा फोन ठेवून घेतलात तर ६,००० रुपये कर आधी भरावा लागतो आणि फोनची किंमत तुमच्या उत्पन्नात धरली जाते. चित्रीकरण करून परत केलात तर नाही. परत केल्याची पावती ठेवा.

पाचपाखाडी, स्थानिक ब्रँडची कामं

व्हिडिओवरच्या 'जाहिरात' या लेबलचा नियम पाठच करा, कारण दुकानदार "जाहिरात लिहू नका" असा आग्रह धरतात. एएससीआयच्या (जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था) नियमाप्रमाणे १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद, २ मिनिटांपर्यंत एकूण लांबीच्या एक तृतीयांश, त्याहून लांब असेल तर ब्रँडचा भाग चालू असेपर्यंत पूर्ण वेळ. ४५ सेकंदांच्या रीलमध्ये १५ सेकंद. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत दिसणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा झालं तर ५० लाखांपर्यंत. हे शांतपणे सांगितलं की दुकानदार ऐकतो.

करारात 'वापराचा हक्क' वेगळा लिहा. रील तुमच्या खात्यावर टाकणं हे एक काम, आणि तीच रील दुकानानं जाहिरात म्हणून चालवणं हे दुसरं. दुसऱ्याचे मूळ रकमेच्या ३० टक्के दर महिन्याला मागावेत असं माझं ठाम मत आहे.

पैसे वेळेवर यायला उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी करा, ती मोफत आहे. काम घेण्याआधीच करा आणि नंबर बिलावर छापा. सूक्ष्म उद्योगाचं बिल करार असला तर ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. तक्रार सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर. बहुतेक वेळा बिलाखाली ही एक ओळ छापलेली असली तरी पुरतं.

नौपाडा

मासिक सदस्यत्वाबद्दल कोणी लिहिलं नाही. ९९ रुपये महिना असं ठेवावं का?

नेरूळ

ठेवावं, पण यूपीआय ऑटोपेवर (दर महिन्याला आपोआप होणारी कपात). १५,००० पर्यंतच्या कपातीला दर वेळी पिन लागत नाही, फक्त २४ तास आधी सूचना जाते. ती सूचना बघून काही जण रद्द करतात, म्हणून त्याच दिवशी नवा भाग त्यांच्याकडे पोचलेला असावा. कपातीची तारीख ५ ते ७ ठेवा. २५ नंतर ठेवली की शिल्लक नसल्यानं कपात फसते आणि सदस्य न कळत गळतात. यूट्यूबवर चॅनेलचं सदस्यत्व सुरू करायचं तर ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ जाहीर व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास पाहणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज एवढं लागतं. त्यातले ७० टक्के तुम्हाला.

बेलापूर

कळव्याच्या ताईंना विचारायचं होतं, तळणीचा वर्ग वरून फोन लावून घेतला तर भिंगावर वाफ आणि तेल बसतं. उपाय?

कळवा, पाककृती

फोन कढईच्या बरोबर वर नको. बाजूला दीड-दोन फुटांवर, साधारण ४५ अंशांत लावा, चिमणीचा झोत फोनकडून कढईकडे ओढेल अशा बाजूनं. दुसरा जुना फोन ओट्याच्या कोपऱ्यात सोऱ्यावर रोखून त्याच कॉलमध्ये जोडा, आवाज मात्र एकाच फोनचा सुरू ठेवा, नाहीतर घुमतो. उकड काढताना झाकण उघडण्याआधी फोन मागे घ्या. भिंग पुसायला मऊ सुती फडकं कोरडं ठेवा, ओट्यावरचं नको.