मतदानात हरले म्हणजे मी चुकलेच, असं रूसो खरंच म्हणतो का?

पहिल्या_बाकावरची:
नमस्कार मंडळी. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. राज्य लोकांच्या आपसातल्या करारातून उभं राहतं असं मांडणाऱ्या तत्त्वज्ञांपैकी हॉब्ज आणि लॉक समजले, रूसोपाशी गाडी अडली. त्याच्या 'सामाजिक करार' या पुस्तकाच्या (१७६२) चौथ्या भागात, दुसऱ्या प्रकरणात तो म्हणतो की ठराव माझ्या मताविरुद्ध मंजूर झाला तर त्यातून एवढंच सिद्ध होतं, की मी चुकले होते. मला जी सामूहिक ईहा (general will, म्हणजे सगळ्या समाजाची मिळून असलेली इच्छा) वाटली, ती सामूहिक ईहा नव्हतीच.

हे वाचून अंगावर काटा आला. गेल्या महिन्यात आमच्या वसतिगृहात अभ्यासिका रात्री ११ला बंद करायची का, यावर हात वर करून मतदान झालं. ३१ विरुद्ध १४. मी त्या १४ मधली. खोलीतल्या दोघी लवकर झोपतात, त्यामुळे आता जिन्यात बसून वाचते. मी हरले हे मान्य. पण चुकले? बहुमत म्हणजेच सामूहिक ईहा असेल, तर अल्पमतानं तोंड उघडायचंच नाही का?

खडू_फळा:
हा उतारा मी बावीस वर्षं शिकवला आणि दर वर्षी कुणीतरी नेमकं इथेच थांबायचं. थांबायलाच हवं. पण त्याच्या थोडं पुढचं वाक्य तुमच्या नजरेतून सुटलंय. हे सगळं कधी लागू? सामूहिक ईहेची सारी लक्षणं बहुमतात अजून शिल्लक असतील तर. ती संपली की कोणतीही बाजू घ्या, स्वातंत्र्य उरलेलं नाही, असं तो स्वतः लिहितो. ही अट गाळली की रूसो बहुमताचा भक्त वाटायला लागतो, आणि ती गाळूनच तो बहुतेकांच्या वाट्याला येतो याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच्या मते मतदाराला 'हा ठराव तुला आवडतो का?' असं विचारलेलंच नसतं. विचारलेलं असतं, 'हा ठराव सगळ्यांच्या हिताला धरून आहे का?' मी वर्गात चिठ्ठ्या वाटायचे: तोंडी परीक्षा सकाळी की दुपारी? पहिल्या चिठ्ठीवर 'तुला काय सोयीचं' ते लिहायचं, दुसरीवर 'वर्गासाठी काय योग्य' ते. एका वर्षी एका मुलीनं पहिलीवर 'दुपार' लिहिलं, दुसरीवर 'सकाळ', आणि खाली बारीक अक्षरात 'दोघीजणी दुपारी कामावर जातात'. ती चिठ्ठी अजून माझ्या पुस्तकात त्याच पानाशी आहे. पहिल्या चिठ्ठ्यांची बेरीज म्हणजे 'सर्वांची इच्छा'. दुसरीवर लिहिताना मुलं जे शोधत होती, ती सामूहिक ईहा.

चुकणं शक्य आहे ते दुसऱ्या चिठ्ठीवर. सोय चुकत नसते, हिताचा अंदाज चुकतो. तुमच्याकडे पहिलीच चिठ्ठी वाटली गेली असेल तर ३१ म्हणजे फक्त ३१ जणींची सोय. इच्छेला सामूहिक बनवतं ते मतांच्या संख्येपेक्षा त्यांना बांधणारं समान हित, हे तो दुसऱ्या भागातच सांगून ठेवतो.

आणि अल्पमताचं दुःख या माणसाला परकं नव्हतं. 'जिनिव्हाचा नागरिक' अशी सही अभिमानानं करणारा हा लेखक. त्याच जिनिव्हात १७६२च्या जूनमध्ये पंचवीस जणांच्या छोट्या परिषदेनं हे पुस्तक जाळायला लावलं. पुढच्या वर्षी त्यानं नागरिकत्व सोडलं.

बेरीज_वजाबाकी:
मी गणितातला, म्हणून एक भर. फ्रेंच गणिती कोंदोर्सेनं १७८५ मध्ये मांडलेलं प्रमेय इथे छान बसतं. प्रत्येकाचा अंदाज बरोबर येण्याची शक्यता ०.६ धरा. तिघांच्या बहुमताची ०.६४८ होते, पाच जणांच्या बहुमताची सुमारे ०.६८३, आणि माणसं वाढतील तशी वाढत जाते. पण शक्यता निम्म्याहून कमी असेल तर सगळं उलटं होतं. शिवाय प्रत्येकानं स्वतंत्रपणे विचार केलेला हवा. दहा जणांनी ठरवून एकच मत दिलं तर ते गणितात एकच मत. रूसोचा गटांना विरोध होता तो याचसाठी.

काठावरून:
मुळात करार केला कुणी? तत्त्वज्ञ ह्यूमनं १७४८ मध्येच विचारलं होतं: झोपेत जहाजावर आणून ठेवलेला माणूस, उडी मारली तर समुद्र, तो गप्प बसला म्हणजे कप्तानाला त्याची संमती झाली का?

खडू_फळा:
रास्त आक्षेप. रूसो एकमत मागतो ते फक्त मूळ करारासाठी. राज्य उभं राहिल्यावर तिथे राहणं हीच संमती, असं म्हणतो. माझं या उत्तरानं आजही समाधान होत नाही.

पहिल्या_बाकावरची:
आज ठरावाची वही काढून पाहिली. प्रश्न असा होता: '११ नंतर अभ्यासिका कुणाकुणाला लागते?' म्हणजे पहिलीच चिठ्ठी. तळमजल्यावरच्या १२ जणींनी आदल्या रात्री ठरवून हात खालीच ठेवले, हेही कळलं. पण कारण विचारलं तर म्हणाल्या, खुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट त्यांच्या उशाशी येतो. हे मी कधी विचारलंच नव्हतं. आणि आम्ही १४ जणीही ठरवूनच बसलो होतो. पहिली चिठ्ठी मीही भरली होती.

रविवारी पुन्हा बैठक आहे. वहीत प्रश्न लिहिलाय: 'झोपणारी आणि वाचणारी, दोघींना न्याय मिळेल अशी व्यवस्था कोणती?' मॅडम, हात वर करून घ्यायचं की चिठ्ठ्या टाकून? यावर रूसो काही म्हणतो का?

खडू_फळा:
म्हणतो. चौथ्या भागात रोमच्या सभांवर लिहिताना. लोक सचोटीचे असतात तोवर उघड मतदान चांगलं, कारण अन्यायाच्या बाजूनं चारचौघांत बोलायची लाज वाटते. मतं विकली जायला लागली की मात्र गुप्त मतदान बरं. तुमच्याकडे कुणी मत विकलेलं दिसत नाही, पण मैत्रिणीकडे बघून हात वर होतो. चिठ्ठ्या वाटा, आणि कारण लिहायला खाली दोन ओळी जागा सोडा.