मदत हवी आहे: कामाचे व्हॉट्सॲप सुरू ठेवून रील्स पाहणे कमी कसे करावे?

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. समाजमाध्यमांवर जाणारा वेळ मला मनापासून कमी करायचा आहे; परंतु सगळी ॲप काढून टाकण्याचा सल्ला मला लागू पडत नाही, कारण केंद्रप्रमुखांच्या सूचना, परिपत्रके, भरून द्यायचे तक्ते आणि पालकांचे निरोप व्हॉट्सॲपच्या गटांवरच येतात. नोकरीसाठी फोन हाताशी ठेवूनही ज्यांनी हा वेळ आटोक्यात आणला आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचण कोठे येते ते सांगते. रात्रीची जेवणे उरकल्यावर पटसंख्येची माहिती मागणारा संदेश येतो. ती भरून पाठवेपर्यंत सगळे ठीक असते. पण त्याच गटात कोणीतरी टाकलेली रीलची लिंक दिसते, ती उघडली की बोट वर सरकवताच दुसरी हजर होते, आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा तसाच राहून साडेअकरा वाजतात. पान कधी संपूच नये अशी इन्फिनिट स्क्रोलची रचना २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकन संगणक-रचनाकारांनी तयार केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, हे वाचल्यापासून मला वाटते की केवळ मनोनिग्रहावर हा प्रश्न सोडवू पाहणे योग्य नाही. थांबण्याची जागा आपणच बाहेरून घालून घ्यावी लागेल.

त्या दृष्टीने काही उपाय केले आहेत. यूट्यूबवरील पाहण्याचा इतिहास बंद केल्यामुळे मुखपृष्ठावर काहीच सुचवले जात नाही, आणि हवा असलेला पाठ शोधूनच पाहावा लागतो. हा उपाय मला सर्वांत उपयोगी वाटला. इन्स्टाग्रामचे ॲप काढले, परंतु लिंक ब्राउझरमध्ये उघडतेच. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये वेळमर्यादा लावली, पण लावणारी मीच असल्याने ती वाढवायलाही क्षणभर पुरतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सुरू केलेला उपक्रम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. त्यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की बंधन एकट्यावर नसून सर्वांवर एकाच वेळी असते. आमच्या घरी सासूबाई, यजमान आणि दहावीतला मुलगा आहे. असा नियम घरात कोणी लागू केला आहे का? यजमानांना कामाचे फोन रात्रीही येतात. अशा वेळी सवलत कोणाला आणि कितपत द्यावी, यावरूनच नियम मोडेल अशी मला धास्ती वाटते.

दुसरा प्रश्न वेगळ्या फोनचा. कॉल आणि ओटीपी साध्या कीपॅडच्या फोनवर घेऊन स्मार्टफोन शाळेच्या कपाटात ठेवून येणे कोणाला जमले आहे का? तसे केल्यास रात्रीच्या तातडीच्या सूचनेबद्दल मुख्याध्यापकांशी आधी काय ठरवून घ्यावे? “तातडीचे असेल तर फोन करावा” एवढे सांगणे सहकाऱ्यांना रुचते का, हेही कळले तर बरे होईल.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी शट क्लिनिक चालते आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, याची मला कल्पना आहे. माझी झोप कमी झाली आहे, मात्र शाळेतील कामावर अद्याप परिणाम झालेला नाही. ज्यांनी समुपदेशन घेतले आहे, त्यांना कोणत्या टप्प्यावर ते आवश्यक वाटले आणि तेथे नेमके काय करून घेतले, हे शक्य असल्यास लिहावे.

एक विनंती आहे. ठरावीक दिवसांच्या डिजिटल उपवासाऐवजी ज्यांचा बदल वर्षभर टिकला, त्यांचे अनुभव मला अधिक हवे आहेत. विशेषतः शाळेच्या सुट्ट्या आणि आजारपण अशा रिकाम्या काळात तो कसा टिकवला, हे सविस्तर लिहावे.