वेदनेचा आकडा खरा नसेल तर औषधाचे वेळापत्रक कसे बसवावे? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या पत्नीचे वय ५६ आहे. स्तनाचा कर्करोग कण्यात आणि डाव्या खुब्याच्या हाडात पसरल्यामुळे गेले वर्षभर तिचा बहुतेक दिवस अंथरुणातच जातो. रेडिएशननंतर खुब्याचे दुखणे बरेच उतरले, पाठीचे मात्र ठाण मांडून आहे. सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता मॉर्फिनची सावकाश विरघळणारी गोळी, आणि मध्येच कळ उठली तर लवकर लागू पडणारी लहान गोळी, अशी व्यवस्था डॉक्टरांनी लावून दिली आहे. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होणारच हे सांगून त्यांनी रेचक पहिल्याच दिवशी सुरू केले होते आणि सुरुवातीची मळमळही आठवडाभरात थांबली, त्यामुळे त्या बाबतीत तक्रार नाही. औषध घरात आहे, पण ते वेळेवर तिच्या पोटात जात नाही, ही माझी अडचण आहे.

शून्य ते दहा यांपैकी आकडा विचारून वहीत लिहीत जा, असे मला सांगितले होते. मी दिवसातून चार वेळा विचारतो. गेल्या दोन महिन्यांची पाने उलटली तर दोन, तीन, दोन, दोन असेच दिसेल. ती वही पाहून डॉक्टर म्हणाले की दुखणे आटोक्यात आहे, आणि मात्रा होती तशीच राहिली. गेल्या मंगळवारी मी तिला पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर घेत होतो. तिने नेहमीसारखे "दोन" म्हटले, पण त्याच वेळी माझ्या सदऱ्याची बाही तिने मुठीत इतकी आवळली होती की खांद्याची शिवण उसवली. खुर्चीत टेकल्यावरही ती मूठ सुटायला वेळ लागला. रात्री मी तो विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आकडा विचारता, तेव्हा तुमचाच चेहरा आधी पाच सांगतो. मग मी त्याहून कमी सांगते." म्हणजे दोन महिने मी तिच्या वेदनेची नव्हे, माझ्या चेहऱ्याची नोंद ठेवत होतो.

लहान गोळी ती सहसा नाकारते. आताच वाढवत गेलो तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा औषध चालणार नाही, असे तिला वाटते. सवय लागेल, ही भीती भेटायला येणाऱ्यांनी घातली आहे. आणि जो वेळ हाती आहे तो गुंगीत घालवायचा नाही, हे तिचे तिसरे कारण; त्यावर मला वाद घालता येत नाही. गोळ्यांची पट्टी जास्त दिवस पुरली की मीही मनातल्या मनात समाधान मानत असे, हे येथे कबूल केलेले बरे.

सर्वांत वाईट वेळ सकाळची. आठची गोळी दिली की सव्वाआठला मी अंग पुसायला घेतो. कूस वळवणे, पाठ पुसणे, कपडे आणि चादर बदलणे यांत पाऊण तास जातो आणि त्यानंतर ती दुपारपर्यंत कोणाशी बोलत नाही. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून कूस बदलणे टाळताही येत नाही. रात्रीची अडचण वेगळीच आहे. तीनच्या सुमारास ती अगदी निश्चल पडलेली असते, आणि ती झोपली आहे की सोसते आहे, हे अंधारात मला ओळखता येत नाही. विचारावे तर झोप मोडण्याची भीती, न विचारावे तर माझी झोप जाते. आकडा न विचारता वेदना कशी ओळखावी, आणि सकाळचे काम कोणत्या क्रमाने करावे, हे ज्यांनी घरी अशी शुश्रूषा केली आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

नमस्कार. मी उपशामक उपचारांच्या विभागात बरीच वर्षे परिचारिका आहे. आपल्या सकाळच्या वेळापत्रकातच दोष दिसतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा असर चढायला काही तास लागतात आणि रात्रीच्या गोळीचा असर तोवर ओसरलेला असतो. म्हणजे सव्वाआठला, नेमके औषध सर्वांत कमी असताना, आपण त्यांना हलवता. लहान गोळीचा असर साधारण अर्ध्या तासात जाणवू लागतो आणि तासाभरात पुरता चढतो. म्हणून अंग पुसण्याआधी पाऊण तास ती गोळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, किंवा अंग पुसण्याचे काम दहा-अकरापर्यंत पुढे ढकला. मोठी गोळी गिळायला जड जाते म्हणून कुटून किंवा चावून मात्र कधीही देऊ नका, कारण बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते. कूस वळवताना हातापायाला धरून ओढण्यापेक्षा कमरेखाली आडवी घडी घातलेली चादर ठेवून तिच्या आधाराने वळवा, आणि "आता वळवतो" असे आधी सांगा.

सवयीविषयी वहिनींना एवढे सांगा की शरीराला औषधाची ओळख होणे आणि व्यसन लागणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख झाल्यामुळे औषध एकाएकी बंद करायचे नसते, इतकेच. पॅरासिटामॉलला जशी दिवसाची ठरलेली कमाल मर्यादा असते, तशी मॉर्फिनला नसते. दुखणे वाढले तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतात, त्यामुळे आज घेतलेली गोळी उद्याच्या वाट्याची नसते. मात्रा वाढवल्यावर येणारी गुंगीही बहुतेकदा काही दिवसांत कमी होते. आकड्याऐवजी कपाळाची आठी, आवळलेला जबडा, रोखून धरलेला श्वास आणि वळवताना पलंगाची कड धरणारा हात यांची नोंद ठेवा. लहान गोळी दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा लागू लागली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता कळवा. कण्यात रोग आहे म्हणून एक गोष्ट घरातल्या सर्वांना माहीत असू द्या: पायांतली शक्ती अचानक कमी झाली, कमरेखाली बधिरपणा आला किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी, अगदी रात्र असली तरी, रुग्णालयात न्यायला हवे.

मूळ लेखकाचा प्रतिसाद, नऊ दिवसांनंतर:

आपले मनापासून आभार. डॉक्टरांना फोनवर विचारून लहान गोळी सव्वानऊला आणि अंग पुसणे दहाला, असे ठरवले. पहिल्या दिवशी तिने गोळी घ्यायला साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी "फक्त आठवडाभर, नंतर तू सांगशील तसे" या अटीवर घेतली. आता पाठ पुसताना ती पलंगाची कड धरते, पण बोटे पांढरी पडेपर्यंत नाही, आणि काल चादर बदलत असताना, उशीचा अभ्रा मी उलटा घातला आहे, हे तिने मला सुनावले. नोंदी पाहून डॉक्टरांनी बारा तासांची मात्राही थोडी वाढवली. दोन दिवस ती पेंगत होती आणि माझ्यावर चिडलीही होती. तिसऱ्या दिवशी दुपारी वर्तमानपत्र मागून घेतले.

रात्रीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तूर्त असे ठरले आहे की जाग येऊन दुखत असेल तर तिने उशाशी ठेवलेली छोटी घंटी वाजवायची आणि मी काहीही न विचारता गोळी द्यायची. आतापर्यंत ती एकदाच वाजली आहे. वही मी तिच्याकडे सोपवली आहे. मी खोलीबाहेर गेल्यावर ती आकडा लिहिते आणि वही मिटून ठेवते. पहिल्या दिवशीचा आकडा सात होता.