सोलरग्राफीच्या फोटोत तारीख कशी वाचायची?

कागदीऊन: सोलरग्राफीसाठी, म्हणजे सूर्याच्या रोजच्या वाटा एकाच फोटोपेपरवर उमटवायला, पुण्यात गच्चीवर बिअरच्या कॅनचा पिनहोल कॅमेरा (भिंगाऐवजी बारीक छिद्र) ऑक्टोबर ते मार्च लावला होता, तोंड दक्षिणेला. सूर्याच्या रेषा उमटल्यात, पण दुपारच्या कमानी तुटल्यात. शिवाय नोव्हेंबरची रेषा कुठली नि जानेवारीची कुठली?

छायावेध: ते ओळखता येणार नाही. २१ नोव्हेंबरला सूर्य ज्या वाटेने जातो, जवळपास त्याच वाटेने २१ जानेवारीला जातो. कागदावर ऊन साठत राहतं, आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं याची नोंद होत नाही. इंग्लंडात हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेवर २०१२ साली लावलेला कॅन २०२० साली उतरवला. त्यात आठही वर्षं एकमेकांवर चढली आहेत.

म्हणून २२ डिसेंबरला लावा, २१ जूनला काढा. प्रत्येक वाट एकदाच उमटते आणि बहुतेक पावसाळाही टळतो. मार्चमध्ये सूर्याची वाट रोज ०.४ अंश उत्तरेकडे सरकते. २१ डिसेंबरनंतरच्या दहा दिवसांत मिळून तेवढाही नाही. त्यामुळे टोकाला रेषा मिसळून जाड पट्टा दिसतो, तो बिघाड नव्हे. रेषा मध्येच तुटली असेल तर तेवढा वेळ ढग होते.

डबाकॅमेरा: कमानी तुटल्या त्या कॅनच्या मापामुळे. ३३० मिलीच्या कॅनचा व्यास ६६ मिमी, उंची साधारण ११५. छिद्र मधोमध असेल तर क्षितिजापासून ४० अंशांच्या वरचा सूर्य कागद सोडून तळावर पडतो, आणि पुण्यात डिसेंबरच्या भर दुपारीही तो ४८ अंशांवर असतो. तोंड दक्षिणेला करायची युरोपातली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. तोंड पूर्वेला करा. उगवतीची जागा वर्षभरात ५० अंशांत फिरते, ती सगळी मावते.

छिद्र ०.३ ते ०.४ मिमी, सुईचं फक्त टोक घुसवा, आतली कड पॉलिशपेपरने घासा. आत गुंडाळून बसवलेल्या कागदाच्या दोन कडांमध्ये छिद्रापाशी बोटभर फट ठेवा आणि कडा टेपने पक्क्या करा. दमट हवेत कागद सुटून छिद्रावर आला की सहा महिने वाया.

छायावेध: काढल्यावर डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं रसायन) नको, सगळं काळं होईल. फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं रसायन) पण नको, रेषा फिकटतात. अंधुक उजेडात ६०० डीपीआयवर एकदाच रंगीत स्कॅन करा. प्रीव्ह्यू टाळा, स्कॅनरच्या दिव्यानेही कागद काळवंडतो. मग निगेटिव्हचा पॉझिटिव्ह करा आणि फोटो फक्त वर-खाली फ्लिप करा. १८० अंशांत फिरवलात तर डावं-उजवं बदलतं, उत्तर दक्षिणेच्या जागी जाते आणि जूनची रेषा डिसेंबरची म्हणून वाचली जाते.