मंगळाची हवा: फुकटचा ब्रेक की नसती ब्याद?

धरमपेठकर:
हवा नाही म्हणून चंद्रावर उतरणं अवघड, असं जो तो म्हणतो. मला पटत नाही. चांद्रयान-३ च्या विक्रम यानानं सेकंदाला १.७ किमीचा वेग निव्वळ इंजिनांवर मारला. इंधन गेलं, पण गणित स्वच्छ. मंगळाची हवा यान भाजून काढण्याइतकी दाट आहे, थांबवण्याइतकी नाही.

बर्डीवाला:
भाऊ, अर्धाच हिशेब मांडला. नासाचं मंगळयान पर्सिव्हरन्स ताशी १९,५०० किमीनं तिथल्या हवेत शिरलं, पॅराशूट उघडलं ताशी १,५०० च्या आसपास. ऊर्जा वेगाच्या वर्गानं मोजा: ९९ टक्क्यांहून जास्त यानाच्या उष्णतारोधक कवचानंच हवेशी घासून खाल्ली! हेच इंजिनांवर करायचं तर उतरणाऱ्या दर किलोमागे चार-पाच किलो इंधन न्या.

धरमपेठकर:
आणि उरलेल्याचं काय? २१.५ मीटरचं पॅराशूट लावूनही ताशी ३०० च्या वर वेग राहिला, शेवटी रॉकेटंच लागली. वर ही हवा भरवशाची नाही. ध्रुवांवर कार्बन डायऑक्साइड गोठतो-वितळतो तसा दाब वर्षभरात पाव हिश्शानं हलतो. धुळीचं वादळ आलं की वरची घनताही बदलते. २०१६ मध्ये युरोपचं मंगळावर उतरणारं यान स्कियापरेली पॅराशूटखाली इतकं हेलकावलं की फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर कमाल मर्यादेला चिकटला. संगणकाला उंची शून्याखाली दिसली. त्यानं पॅराशूट सोडलं, इंजिनं तीनेक सेकंदांत बंद केली, आणि यान जवळपास पावणेचार किमीवरून पडलं.

बर्डीवाला:
मग दोष सॉफ्टवेअरचा, हवेवर काऊन ढकलता? चांद्रयान-२ चं विक्रम तर हवा नसताना आपटलं.

महालकर:
राजेहो, मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत हवा १५ अंशांपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ होते, तेवढ्यानं विमानाला धावपट्टी जास्त लागते. मंगळावर घनता पृथ्वीच्या साठाव्या हिश्शाएवढी! म्हणून तिथं उतरायला सखल जागा शोधतात, ब्रेक लावायला हवेचा थर तेवढाच जास्त मिळतो. शनीच्या दाट हवेच्या चंद्रावर, टायटनवर, उलट: २००५ मध्ये ह्युजेन्स यान जवळपास अडीच तास पॅराशूटवर तरंगत खाली आलं. शुक्रावर तर हवा इतकी दाट, की सोव्हिएत व्हेनेरा यानांनी पॅराशूट वरच सोडून दिलं, पुढं चकतीसारख्या ब्रेकवरच काम भागलं.

धरमपेठकर:
टायटन, शुक्र मान्य. पण मंगळावर माणसं उतरवायची म्हणजे वीसेक टनांचं यान. एक टनाच्या पर्सिव्हरन्सला ४.५ मीटरचं कवच लागलं. आकार दुप्पट केला तर कवचाचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन आठपट. एवढं रुंद कवच कोणत्या रॉकेटच्या टोकात बसवणार, ते सांगा.

बर्डीवाला:
फुगवायचं कवच. घडी करून न्यायचं, वर गेल्यावर फुगवायचं. नासानं २०२२ मध्ये ६ मीटरचं पृथ्वीच्या हवेत उतरवून दाखवलं.