अमेरिकेचा उपाध्यक्ष की उपराष्ट्रपती?

भाषांतरवाली: अमेरिकेच्या व्हाइस प्रेसिडेंटचं वजन कसं वाढत गेलं यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. मी सगळीकडे 'उपाध्यक्ष' लिहिलं होतं, संपादकांनी सरसकट 'उपराष्ट्रपती' केलं, म्हणे उपाध्यक्ष तर सोसायटीलाही असतो. तुम्ही काय लिहाल?

कऱ्हाकाठ: उपाध्यक्षच. ट्रम्प 'अध्यक्ष' तर व्हान्स उपराष्ट्रपती कुठून झाले?

नागरिकशास्त्र: उपराष्ट्रपती नकोच, कारण पदच वेगळं आहे. आपल्याकडे १९६९ला झाकीर हुसेन गेले तेव्हा उपराष्ट्रपती गिरींनी तात्पुरतं काम पाहिलं आणि मग निवडणूक झाली. तिकडे अध्यक्ष गेला की उरलेली सगळी मुदत उपाध्यक्षाची. हा पायंडा उपाध्यक्ष टायलरचा, १८४१चा. अध्यक्ष हॅरिसन पदावर आल्यावर महिन्याभरात वारले, लोक टायलरना 'हंगामी' म्हणायला लागले तर तसा पत्ता घातलेली पत्रं ते न उघडताच परत पाठवायचे. घटनेत हे स्पष्ट आलं ते थेट १९६७ला, २५व्या दुरुस्तीत.

पारावरचा: पण सभागृहातलं काम सारखंच की! आपले राज्यसभेचे सभापती, तिकडचे सिनेटचे, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाचे, आणि दोघांनाही मतं समसमान पडली तरच मत. उपाध्यक्ष असताना कमला हॅरिस यांनी असं ३३ वेळा दिलं, एकोणिसाव्या शतकातले उपाध्यक्ष कॅलहून यांचा ३१चा जुना विक्रम मोडला. मला उपराष्ट्रपती चालेल.

धातुसाधित: 'उप' म्हणजे मुळात जवळ. उपनगर बघा, उपनिषद म्हणजे जवळ बसणं. दुय्यम हा अर्थ नंतर चिकटला. आणि या पदाची ताकद तशीच वाढलीय हो, १९७७ला अध्यक्ष कार्टरनी उपाध्यक्ष माँडेलना वेस्ट विंगमध्ये, म्हणजे व्हाइट हाउसच्या अध्यक्ष बसतात त्या भागात, ऑफिस दिलं, त्याआधी कुठल्याच उपाध्यक्षाला तिथे कायमची जागा नव्हती, शिवाय दर आठवड्याला दोघं एकत्र जेवायचे. त्यासाठी नवा अधिकार घटनेत एकही आला नाही, नुसतं जवळ बसून पद मोठं झालं. म्हणून 'उप' मला अगदी नेमका वाटतो.

कऱ्हाकाठ: मग ट्रुमन? १९४५ला ८२ दिवस उपाध्यक्ष होते, अणुबॉम्बचं नीट कळलं ते अध्यक्ष रूझवेल्ट गेल्यावर. कसली जवळीक? इंग्रजीतला 'व्हाइस' लॅटिनमधला आहे, अमक्याच्या जागी असा अर्थ, व्हाइसरॉय म्हणजे राजाच्या जागी बसलेला. तो अर्थ 'उप'मध्ये येतच नाही.

ठाणेकर७: एवढं कशाला, व्हाइस प्रेसिडेंटच लिहा, सगळ्यांना कळतं.

धातुसाधित: कळतं म्हणून आपला शब्द टाकून द्यायचा? उद्या उपसरपंचाला व्हाइस सरपंच म्हणाल.

नागरिकशास्त्र: 'उपमुख्यमंत्री' घ्या, हे पद राज्यघटनेत नाहीच, तरी वजन आहे. उपाध्यक्ष चेनींचंही तसंच, अध्यक्ष धाकट्या बुश यांचा विश्वास होता तोवर सगळ्या फायली त्यांच्याकडे, दुसऱ्या टर्ममध्ये तो जोर राहिला नाही.

पारावरचा: आमच्या गावात सरपंचबाई सही करायच्या आणि कारभार उपसरपंच बघायचे, त्यांना सगळे 'सरपंच'च म्हणायचे.

भाषांतरवाली: अहो, पण बाईंच्या हक्काचं पद होतं ना ते? त्यांना काय म्हणायचे मग?

पारावरचा: वहिनी.