मदत हवी आहे: टीमचा एपीआर चांगला, पण मुलाच्या अभ्यासाचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत राहतो. मुलगा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये स्कॉलरशिपवर आहे, दुसरं वर्ष. कोच म्हणतात, टीमचा एपीआर (खेळाडूंच्या शैक्षणिक प्रगतीचा आकडा) उत्तम आहे, काळजी करू नका. मी नियम वाचून काढले. दर सेमिस्टरला खेळाडूमागे २ गुण: एक खेळायला पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. टीमचा आकडा १००० पैकी, चार वर्षांची सरासरी किमान ९३० हवी. यात पोरगं काय शिकलं, ते कुठे आलं?

खरी धास्ती वेगळीच आहे. खेळायला पात्र राहायचं तर दुसरं वर्ष संपताना डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण लागतो, मग ६०, मग ८०. त्याला इंजिनिअरिंगच करायचंय, पण लॅब दुपारी आणि प्रॅक्टिसही दुपारी. सल्लागार म्हणतात, मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदल, ४० टक्के सहज भरतील. रविवारी फोनवर विचारलं तर नुसतं "बघू गं आई" म्हणाला. लहानपणी घरातले रेडिओ उघडून बसणारा मुलगा हा!

कुणाची मुलं यातून गेली आहेत का? लॅबचे विषय उन्हाळ्यात उरकता येतात का? त्याच्या कॉलेजातले फुटबॉलपटू कुठल्या विषयात पदवी घेतात, हे नक्की कुणाला विचारायचं? पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन आहे, कृपया लवकर सांगा.